मिरजेचं दुकान, परदेशातला सर्व्हर

सोमवार, ३ मार्च २०२५

सकाळी मिरजेहून, सतारमेकर गल्लीतून चाचांचा फोन. आवाजात घालमेल होती. "ताई, काल एक जण दुकानी येऊन गेला. म्हणतो, तुमची वेबसाइट अमेरिकेतल्या कॉम्प्युटरवर ठेवलीय, म्हणून मिरजेत शोधलं तरी तुम्ही खाली जाता. आमचा लोकल सर्व्हर घ्या, महिन्यात पहिल्या नंबरवर आणतो. खरं काय?" त्यानं सांगितलेला वर्षाचा दर ऐकला. एका चांगल्या तंबोऱ्याच्या किमतीएवढा.

चाचांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे घडतात. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून भोपळे येतात, सुकतात, कापले जातात आणि महिनोन्‌महिने हातांखालून गेल्यावर त्यातून एक वाद्य उभं राहतं. गेल्या वर्षी, २०२४ मध्ये, मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. एवढ्या कष्टाच्या पैशातून कुणी घाबरवून रक्कम काढून नेणार असेल, तर त्याआधी चाचांना नीट उत्तर मिळायला हवं. "असं काही नसतं हो," एवढं म्हणून भागणार नाही. काय असतं आणि काय नसतं, दोन्ही तपासून सांगते म्हटलं.

मंगळवार, ४ मार्च

त्या माणसाचं बोलणं अगदीच हवेतलं नाही. त्याचं मूळ जुनं आहे.

साइट कोणत्या देशातल्या लोकांसाठी आहे, हे शोधयंत्राला ओळखावं लागतं. पत्त्याच्या शेवटी .इन असेल तर प्रश्न सुटतो, ती भारताची. पण .कॉम कुणाचीही असू शकते. मग इतर खुणा पाहायच्या: पानावरचा पत्ता आणि फोन नंबर, भाषा, चलन, त्या देशातल्या कोणत्या साइट्स तिचा दुवा देतात आणि सर्व्हरचा आयपी कुठला आहे. गूगलनं साइट चालवणाऱ्यांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शनात सर्व्हरचं स्थान आजही या खुणांत दिलेलं आहे. मात्र तिथंच पुढं स्पष्ट म्हटलंय की ही खूण निर्णायक नाही, कारण कित्येक साइट्स चांगल्या सोयीसाठी दुसऱ्या देशात ठेवलेल्या असतात किंवा एकाच वेळी अनेक ठिकाणांहून पुरवल्या जातात.

२००७ पासून मालकाला स्वतःच देश निवडून कळवायची सोय होती. २०२२ मध्ये गूगलनं तीही काढून घेतली. पानाच्या कोडमध्ये अक्षांश-रेखांशाचे टॅग भरून देण्याचे पैसे अजून काही जण घेतात. गूगल ते टॅग विचारातच घेत नाही, हेही त्याच मार्गदर्शनात आहे.

मुख्य मुद्दा असा की ही सगळी चर्चा देशाच्या पातळीवरची आहे. साइट भारताची की अमेरिकेची, एवढाच प्रश्न. मिरज की सांगली, सतारमेकर गल्ली की स्टेशन रोड, हे ठरवायला सर्व्हर उपयोगी पडतो असं त्यात कुठंही नाही. देशापुरत्या एका कच्च्या खुणेचं त्या माणसानं गावापुरतं पक्कं आश्वासन केलं.

गुरुवार, ६ मार्च

आज प्रत्यक्ष गल्लीत गेले. चाचा तंबोऱ्याच्या घोडीवर काम करत होते. बारीक कानशीनं घोडीचा माथा घासायचा, तार वर घ्यायची, तिच्याखाली सूत सरकवायचं, छेडायचं, ऐकायचं, पुन्हा उतरवायची. चिमूटभर भुकटी निघते न निघते एवढंच घासणं. मध्येच कान वाकडा करून म्हणाले, "अजून बसली आहे." पुन्हा कानस. जवारी लागली तेव्हा एका तारेतून सूर फुलून आला आणि समोर बसलेलं गिऱ्हाईक न बोलता हसलं. इचलकरंजीचे गायनशिक्षक होते. मी विचारलं, "दुकान कसं सापडलं?" "मॅपवर शोधलं, पण पिन मागच्या रस्त्यावर घेऊन गेली. मग पानाच्या टपरीवर विचारलं."

हे ऐकल्यावर मी फोन काढला. दुकानाच्या दारात उभं राहून 'तंबोरा दुरुस्ती' शोधलं. मग स्टेशनवर जाऊन तेच शोधलं. परतताना सांगलीच्या विश्रामबागला थांबून पुन्हा तेच. तिन्ही ठिकाणी मॅपच्या यादीतला क्रम वेगळा. चाचांची साइट तीच, तिचा सर्व्हर त्याच जागी. बदलली होती फक्त मी उभी असलेली जागा.

आणखी एक गोष्ट दिसली. तिन्ही याद्यांत वर असलेल्या एका कारागिराची वेबसाइटच नाही. फोन नंबर, पत्ता, फोटो आणि लोकांचे अभिप्राय, बस. ज्याला सर्व्हरच नाही, तो वर येतो कसा? विकायला आलेल्या माणसाला हा एक प्रश्न विचारला असता, तरी पुरे होतं.

गूगल स्वतः सांगतं की जवळपासच्या दुकानांचा क्रम तीन गोष्टींवर लागतो. माणसानं जे विचारलं त्याच्याशी तुमचं काम किती जुळतं. त्याच्यापासून तुम्ही किती अंतरावर आहात. आणि तुमचा नावलौकिक किती, म्हणजे अभिप्राय, उल्लेख, दुवे. यातलं अंतर मोजतात ते शोधणाऱ्यापासून दुकानापर्यंतचं. सर्व्हर त्या मोजणीत येत नाही. आणि हा क्रम पैसे देऊन वर नेता येत नाही, हेही गूगलनं लिहून ठेवलंय.

चाचांच्या दुकानाचं गूगलवरचं प्रोफाइल उघडलं. पिन मागच्या रस्त्यावर. मुख्य प्रकार नुसता 'दुकान'. दुरुस्ती करतात याचा उल्लेख नाही. आणि त्याच नावाचं दुसरं, जुनं प्रोफाइल, बंद पडलेल्या लँडलाइनसह. दोन पत्ते, दोन नंबर. दुखणं इथं आहे.

शनिवार, ८ मार्च

तरीही सर्व्हर कुठं आहे याला काहीच अर्थ नाही, असं मी म्हणणार नाही. अंतराला वेळ लागतोच.

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. इथून अमेरिकेचा पूर्व किनारा सरळ रेषेत मोजला तरी १३,००० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे जायला ६५ आणि परत यायला ६५, अशा १३० मिलिसेकंदांच्या आत ही फेरी होऊच शकत नाही. केबल समुद्रातून वळसे घेत जाते, मध्ये यंत्रं असतात, त्यामुळे प्रत्यक्षात २०० च्या पुढं जाते. पान उघडायला एक फेरी पुरत नाही. जोडणीची एक, सुरक्षिततेची एक, मग पान मागण्याची एक. तीन फेऱ्या धरल्या तरी अर्धा सेकंद सहज जातो. तोच सर्व्हर मुंबईत असेल तर या तिन्ही फेऱ्या डोळ्याचं पातं लवायच्या आत उरकतात.

मुंबईत सर्व्हर मिळणं आता अवघडही नाही. मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये पुण्यात, अ‍ॅमेझॉननं २०१६ मध्ये आणि गूगलनं २०१७ मध्ये मुंबईत आपापली केंद्रं सुरू केली. पूर्वी स्वस्त होस्टिंग म्हटलं की बहुधा अमेरिकाच असायची. ते दिवस गेले.

आता दुसरी बाजू. चाचांच्या साइटच्या पहिल्या पानावर बारा फोटो आहेत. धाकट्या मुलानं मोबाइलवर काढून जसेच्या तसे चढवलेले. एकेक चार-पाच एमबी. सगळे मिळून पन्नासच्या घरात. सेकंदाला १० मेगाबिटची जोडणी असेल तर एवढं उतरायला चाळीस सेकंद लागतात. तेच फोटो नीट लहान केले, प्रत्येकी दीडशे केबीचे, तर दीड सेकंद.

सर्व्हर मुंबईत आणून अर्धा सेकंद वाचतो. फोटो लहान करून अडतीस. पहिल्या कामाला तंबोऱ्याएवढी किंमत सांगितली गेली आणि दुसरं काम एका दुपारचं आहे.

मंगळवार, ११ मार्च

सर्व्हरची नोंदवही उघडून बसले. कोण कधी आलं, कोणतं पान मागितलं, सगळं ओळीओळीनं असतं. ६६.२४९ नं सुरू होणारे आयपी पुन्हा पुन्हा दिसतात. हा गूगलचा बॉट, पानं वाचून नेणारा. तो मुख्यतः अमेरिकेतल्याच आयपीवरून येतो. त्याच्या दृष्टीनं चाचांचा सर्व्हर शेजारीच आहे, मुंबईत नेला तर उलट लांब पडेल. मिरजेचं पान वाचायला मिरजेतून कुणी येत नाही.

मग वेगाचा क्रमाशी संबंध कसा? गूगलनं २०१० मध्ये वेग हा निकष म्हणून जाहीर केला, २०१८ मध्ये मोबाइलसाठीही लावला. तेव्हाच सांगितलं होतं की फटका बसेल तो अतिशय संथ पानांना, आणि तोही थोड्याच शोधांमध्ये. आता क्रोम ब्राउझर वापरणाऱ्यांच्या प्रत्यक्ष अनुभवावरून मोजमाप होतं. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, आणि चारपैकी तीन भेटींत तरी हे साधावं, अशी अपेक्षा. मागच्या २८ दिवसांची गोळाबेरीज. चाचांच्या साइटवर रहदारी इतकी कमी की तिच्याबद्दल अशी आकडेवारी गोळाच झालेली नाही.

म्हणजे सर्व्हरच्या जागेचा परिणाम होतो तो आडवाटेनं: अंतर वाढलं की उशीर, उशीर फारच झाला की माणूस परत फिरतो. क्रम थोडा हलला तर हलला. पण परत फिरलेला माणूस हे नुकसान मला जास्त मोठं वाटतं. ते क्रमात दिसत नाही, गल्ल्यात दिसतं.

शुक्रवार, १४ मार्च

चाचांनी आज परदेशातली जुनी पत्रं आणि मेसेज दाखवले. न्यू जर्सीत गाणं शिकवणाऱ्या एक मराठी बाई दर दोन-तीन वर्षांनी विद्यार्थ्यांसाठी तंबोरे मागवतात. त्यांना साइट झटकन उघडायला हवी असेल तर सर्व्हर अमेरिकेतच बरा. इचलकरंजीच्या शिक्षकांना मुंबईत बरा. दोघं एकाच दुकानाची गिऱ्हाइकं.

यावर तोड फार पूर्वीच निघाली आहे. साइटची मूळ प्रत एका जागी ठेवायची आणि फोटो, पानं यांच्या प्रती जगभरच्या शहरांत ठेवणारी सेवा घ्यायची. सीडीएन म्हणतात तिला. क्लाउडफ्लेअरसारख्या कंपन्या लहान साइटला ती फुकट देतात. यात एकच आयपी एकाच वेळी अनेक शहरांतून जाहीर केलेला असतो. मुंबईतला माणूस जातो मुंबईच्या यंत्राकडं, न्यू जर्सीतला त्याच्या जवळच्या. अशा आयपीचं गाव कोणतं? कोणतंच नाही. जगातल्या असंख्य साइट्स आज अशा पुरवल्या जातात. शोधयंत्रानं आयपीच्या गावावरून दुकानाचं गाव ठरवायचं म्हटलं, तर त्याचं कामच ठप्प होईल.

बुधवार, १९ मार्च, रंगपंचमी

आपल्या भागात रंग आजच. बाजारपेठ बंद. चाचांच्या प्रोफाइलवर मात्र 'सध्या सुरू' असं हिरव्या अक्षरात. सुट्टीची वेळ आगाऊ भरून ठेवायची सोय आहे, कुणी वापरत नाही. बेळगावहून सतार घेऊन कुणी आलं असतं तर बंद दार बघून परत गेलं असतं, आणि नावाला एक तारा देऊन.

धाकट्याला फोनवर बसवून सगळं करून घेतलं. पिन दारावर आणली. मुख्य प्रकार बदलला, त्यात वाद्य दुरुस्ती जोडली. जुनं प्रोफाइल एकत्र करण्याची विनंती पाठवली. नंबर सगळीकडं एकच. साइटच्या तळाशी पत्ता, गल्लीच्या नावासह, मराठीत आणि इंग्रजीत. सुट्ट्या पाडव्यापर्यंत भरल्या. जवारीचं काम करतानाचा चाचांच्या हातांचा फोटो लावला. आधी तिथं दुकानाच्या शटरचा होता.

मुलगा हुशार आहे. म्हणाला, "ताई, हे सगळं आम्हालाच येण्यासारखं आहे की." तेच तर.

शनिवार, २२ मार्च

सर्व्हर कुठं आहे हे खरोखर महत्त्वाचं ठरतं, अशी उदाहरणंही लिहून ठेवते. नाहीतर मीही अर्धंच सांगितल्यासारखं होईल.

चीनमध्ये, तिथल्या मुख्य भूमीवर साइट ठेवायची तर सरकारी नोंदणी लागते. ती नसेल तर तिथला सर्व्हर वापरताच येत नाही. तिथल्या गिऱ्हाइकांसाठी साइट करणाऱ्याला जागेचा विचार पहिल्या दिवशीच करावा लागतो.

आपल्याकडं रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०१८ मध्ये पैसे भरण्याच्या व्यवहारांची माहिती भारतातच साठवायचा आदेश दिला. तो लागू होतो ती पेमेंटची यंत्रणा चालवणाऱ्यांना. तंबोरा विकणाऱ्याची साइट त्यात येत नाही. पण हाच नियम दाखवून दुकानदारांना सर्व्हर विकला जातो, हे मी ऐकलंय.

आणि केबल. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या दोन केबल तुटल्या आणि आपल्याकडं इंटरनेट रडतखडत चालू लागलं. त्या दिवसांत इथल्या माणसाला इथल्याच सर्व्हरवरची साइट वापरता आली असती. साइट चालू राहणं, रात्री बंद पडली तर मराठीत बोलणारं कुणी फोनवर मिळणं, या गोष्टींसाठी जवळचा सर्व्हर घ्यावा. ही कारणं खरी आहेत आणि ती सांगूनही सर्व्हर विकता येतो. खोटं आश्वासन कशाला?

गुरुवार, २७ मार्च

चाचांच्या होस्टिंगचं रिन्यूअल जवळ आलं होतं, म्हणून साइट मुंबईतल्या सर्व्हरवर हलवली आणि पुढं सीडीएन लावलं. खर्च पहिल्याइतकाच. फोटो लहान करून चढवले. आता साइट माझ्या साध्या फोनवरही चटकन उघडते.

मॅपमधला क्रम मात्र साइट हलवायच्या आधीच सरकू लागला होता. पिन आणि प्रकार दुरुस्त झाल्यावर स्टेशनवरून शोधलं, तेव्हा चाचा वर आलेले दिसले. साइट हलवल्यावर त्यात काही फरक नाही. एका दुकानावरून सिद्धांत मांडायचा नाही, हे मला कळतं. एवढ्या दिवसांत इतर दुकानांनीही काही बदललं असेल. पण गूगलनं लिहिलेलं, तंत्र जसं चालतं ते आणि गल्लीत दिसलेलं, तिन्ही एकाच बाजूला आहेत.

रविवार, ३० मार्च, गुढीपाडवा

चाचा म्हणाले, "आमच्या गल्लीत सगळ्यांकडं तो माणूस जाऊन आलाय. एका कागदावर लिहून द्या, मी सगळ्यांना वाचून दाखवतो." आजच्या मुहूर्तावर लिहून दिलं. इथंही उतरवते.

सर्व्हर विकायला कुणी आलं तर तीन प्रश्न विचारा.

एक. ज्यांची वेबसाइटच नाही अशी दुकानं मॅपमध्ये वर कशी दिसतात? याचं सरळ उत्तर देता आलं नाही, तर सर्व्हरवरून गावातला क्रम लागत नाही हे त्यालाही ठाऊक आहे.

दोन. सर्व्हर बदलल्यावर माझं पान माझ्या गिऱ्हाइकाच्या फोनवर किती सेकंदांत उघडेल, आज किती लागतात? आधी मोजून दाखव, नंतरही मोजून दाखव. वेग वाढणार असेल तर तो मोजता येतोच.

तीन. पहिल्या नंबराची हमी कशाच्या जोरावर देतोस? स्वतः गूगल म्हणतं की हा क्रम विकत मिळत नाही. मग तू विकतोयस काय?

आणि पैसे खर्च करायच्या आधी फुकटातली कामं करा. पिन दारावर आणा. नाव, पत्ता, नंबर सगळीकडं एकसारखा ठेवा. काय बनवता आणि काय दुरुस्त करता ते लिहा. सुट्ट्या भरा. गिऱ्हाईक समाधानानं वाद्य घेऊन निघालं की अभिप्राय मागा, आणि आलेल्या प्रत्येक अभिप्रायाला उत्तर द्या. फोटो लहान करून लावा. हे सगळं झाल्यावरही पान संथ वाटलं, तर सर्व्हर जवळ आणा. त्याचा उपयोग तेवढाच आहे, आणि तेवढ्याचेच पैसे द्या.

चाचांनी कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि विचारलं, "दुसऱ्या गल्लीतल्या तबलेवाल्यांना दिला तर चालेल?" सगळ्यांना द्या म्हटलं. गावात जेवढ्या दुकानांची माहिती खरी आणि पूर्ण असेल, तेवढी ती एकमेकांच्याही कामाची. इचलकरंजीहून निघालेल्या माणसाला मिरजेत योग्य दारी पोचायचं आहे. ते दार त्याला दाखवणं दुकानदाराच्या हातात आहे. त्यासाठी कुणाचाही सर्व्हर विकत घ्यावा लागत नाही.